बाबांचा रशिया आणि घरी आलेले युक्रेन

पत्राचा सारांश : गेली चौदा वर्षे म्युनिकमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीने मोठे पत्र पाठवले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते येथे थोडक्यात देत आहे. त्यांचे वडील ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. नोकरीत असताना सुखोई विमानांच्या प्रशिक्षणासाठी ते काही महिने रशियातील इर्कुत्स्क येथे राहून आले, थोडीफार रशियन भाषा शिकले आणि तिथल्या माणसांच्या आठवणी ते आजही काढतात. मार्च २०२२ मध्ये या भगिनींनी युद्धामुळे युक्रेनमधल्या खारकीव्हहून जीव वाचवून आलेल्या एका आईला आणि तिच्या मुलाला चार महिने आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर वडिलांनी एक व्हिडिओ टाकला, ज्यात कीव्हजवळच्या बुचा शहरातील हत्याकांड हे पाश्चात्त्यांनी रचलेले नाटक असल्याचे सांगितले होते. त्यावर तीसेक नातेवाइकांच्या देखत यांनी लिहिले, ‘बाबा, तुमचा ब्रेनवॉश झाला आहे. तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.’ वडील गटातून बाहेर पडले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रशियन तेलाच्या कारणावरून अमेरिकेने भारतीय मालावर जादा शुल्क लावले, तेव्हा त्यांनी आईमार्फत एवढाच निरोप पाठवला, ‘तुझ्या युरोपला विचार, हा कुठला न्याय.’ तेव्हापासून बापलेकीचे बोलणे आईच्या मध्यस्थीनेच होते. आता वडिलांची पंचाहत्तरी आहे आणि त्यासाठी या नाशिकला जाणार आहेत. त्या विचारतात की बाबांना सत्य कसे पटवून द्यावे, आणि ते पटलेच नाही तर घरातल्या शांततेसाठी गप्प बसणे हा आपल्याकडे राहून गेलेल्या त्या आई-मुलाशी द्रोह ठरणार नाही का. शेवटी एक छोटा प्रश्न आहे. त्या युक्रेनियन बाईंनी वडिलांसाठी स्वतः भरतकाम केलेला एक रुमाल दिला आहे. तो न्यावा की नेऊ नये?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात ‘बाबांना सत्य पटवायचे आहे’ हे वाक्य तीन वेळा आले आहे, आणि बाबांना असे का वाटते हे तुम्ही त्यांना विचारल्याचा उल्लेख मात्र एकदाही आलेला नाही. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्या बाईने अनोळखी आई-मुलाला चार महिने आपल्या घरात जागा दिली, तिच्या मनाच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही. परंतु माझ्या उत्तराची सुरुवात तुमच्या पत्रात न आलेल्या त्या प्रश्नापासूनच करावी लागेल.

तुमचे वडील ज्या पिढीचे आहेत, त्या पिढीच्या मनातला रशिया कुठल्याही व्हिडिओतून आलेला नाही. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात मैत्रीचा करार झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बांगलादेशच्या युद्धात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने भारताच्या बाजूने नकाराधिकार वापरला, तेव्हा ते ऐन विशीत होते. ओझरला त्यांच्या हातांखालून जी विमाने गेली, त्यांचे आराखडे आणि ती जुळवण्याची विद्या रशियाने दिली होती. दुसऱ्या बाजूने त्यांनी काय पाहिले, तेही आठवून पाहा. तारापूरच्या अणुवीज केंद्राला करारानुसार मिळायचे ते अमेरिकी इंधन १९७४ च्या अणुचाचणीनंतर अडू लागले आणि शेवटी ते फ्रान्सकडून घ्यावे लागले. मे १९९८ मधील पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा तेजस विमानाच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत पाठवण्यात आले. विमान कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही बातमी किती जवळची वाटली असेल, याची कल्पना तुम्हीच माझ्यापेक्षा अधिक चांगली करू शकाल. त्यानंतर ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या महासंहारक अस्त्रांचे ‘पुरावे’ मांडले, युद्ध झाले, आणि ती अस्त्रे कधीच सापडली नाहीत.

तेव्हा ‘पाश्चात्त्य जे सांगतात ते तपासून घ्यावे’ हे मत तुमच्या वडिलांनी स्वतःच्या अनुभवातून कमावलेले आहे, आणि ते चुकीचे नाही. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर होते. ‘ते पूर्वी खोटे बोलले’ या खऱ्या गोष्टीवरून ‘म्हणून आताही तेच खोटे बोलत आहेत आणि त्यांचा विरोधक खरे बोलतो आहे’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि प्रचाराचा सगळा व्यवहार या दोन वाक्यांमधल्या फटीत चालतो. तुम्ही वडिलांच्या निष्कर्षावर हल्ला केलात, पण त्यांना तो आपल्या साऱ्या अनुभवावरचा हल्ला वाटला. ‘ब्रेनवॉश’ या शब्दाने पन्नास वर्षांची स्मृती एका झटक्यात नाकारली गेली, तीही भाचे-पुतणे-सुना यांच्यासमोर.

आता बुचाविषयी. इथे मी संदिग्ध राहणार नाही, कारण तुम्हीही राहू नये. रशियाचे सैन्य मार्च २०२२ च्या अखेरीस त्या शहरातून मागे गेले. रस्त्यांवरचे मृतदेह जगासमोर आले तेव्हा रशियाने ते सैन्य गेल्यानंतर मांडलेले नाटक असल्याचा दावा केला. परंतु उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांत त्याच याब्लुन्स्का रस्त्यावर मार्चच्या मध्यावर, म्हणजे शहर रशियन ताब्यात असतानाच, ते देह पडलेले दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानेही तेथील बेकायदा हत्यांची एकेक करून नोंद केली आहे. एवढे असताना ‘नाटक’ हा शब्द टिकत नाही.

पण तुमच्या वडिलांशी बोलताना याहूनही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आहे, आणि ती दिल्लीची आहे. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाचा निषेध करणारा ठराव १४१ मतांनी संमत झाला, त्या वेळी भारत तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत होता. त्याच भारताच्या प्रतिनिधीने ५ एप्रिल २०२२ रोजी सुरक्षा परिषदेत बुचातील हत्यांचा निःसंदिग्ध निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. रशियाकडून तेल घेणे त्यानंतरही चालू राहिले, उलट वाढले. याचा अर्थ नीट पाहा. काय घडले हा एक प्रश्न आहे, दोष कोणाचा हा दुसरा, आणि आपल्या देशाने काय करावे हा तिसरा. भारत सरकारने, त्याचे धोरण आपल्याला पटो न पटो, हे प्रश्न वेगळे ठेवले. आपल्या घराघरांत मात्र ते एकाच गाठीत बांधले गेले आहेत. तेल घेणे योग्य होते असे ज्याला वाटते, त्याला बुचा खोटे ठरवणे भाग पडते, आणि बुचा खरे मानणाऱ्याला भारताचे तेल घेणे हे पाप मानावे लागते. ही गाठ प्रचाराने मारली आहे. ती सोडवणे हे तुमच्या नाशिकच्या मुक्कामातले खरे काम आहे, आणि मला वाटते ते होण्यासारखे आहे. ‘बाबा, भारताने स्वस्त तेल घेतले यावर मी भांडत नाही. फक्त ती माणसे मेली, एवढे मान्य करा’ हे वाक्य ऐकायला त्यांना फार जड जाणार नाही. आजवर तुम्ही दोन्ही गोष्टी एकदम मागत होता.

ही गाठ तुमच्या बाजूलाही आहे का, हे आता तपासायला हवे. तुमच्या पत्रात एक गृहीत आहे की म्युनिकमध्ये बसून तुम्हाला वास्तव दिसते आणि नाशिकमध्ये बसून बाबांना प्रचार. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात ‘कीव्हचे भूत’ म्हणून एका युक्रेनियन वैमानिकाची कथा पसरली, ज्याने म्हणे एकट्याने अनेक रशियन विमाने पाडली. तिच्यासोबत फिरणारा व्हिडिओ एका संगणकीय खेळातला होता, आणि एप्रिलच्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितले की ती दंतकथा आहे. मी स्वतः तो व्हिडिओ दोन मैत्रिणींना पाठवला होता. तो खेळ खेळणाऱ्या माझ्या भाच्याने तो ओळखला, तेव्हा मला उमगले की तो खरा असावा अशी माझी इच्छा होती, म्हणूनच मी तो तपासला नाही. काळ्या समुद्रातल्या सर्पबेटावरचे युक्रेनियन सैनिक वीरमरण पावल्याचे जाहीर झाले, पुढे ते युद्धकैदी म्हणून जिवंत असल्याचे कळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलंडच्या प्शेव्होदूव्ह गावात क्षेपणास्त्र पडून दोन जण मरण पावले. रशियन क्षेपणास्त्रे पोलंडमध्ये घुसल्याचे एका जागतिक वृत्तसंस्थेने त्या रात्री दिले, आणि नंतर ती बातमी मागे घ्यावी लागली, कारण ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचे क्षेपणास्त्र होते. बाल्टिक समुद्राखालच्या नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्या सप्टेंबर २०२२ मध्ये फोडल्या गेल्या, तेव्हा युरोपात अनेकांनी रशियाकडे बोट दाखवले. जर्मन तपास यंत्रणांचा माग मात्र युक्रेनियन संशयितांपर्यंत गेला आहे.

यावरून ‘सगळेच खोटे बोलतात’ असे म्हणून हात झटकायचे का? मुळीच नाही. तसे म्हणणे हे तर प्रचाराचे सर्वांत मोठे यश असते. फरक कुठे आहे ते पाहा. ‘कीव्हच्या भुता’ची दुरुस्ती युक्रेनकडून आली, पोलंडची बातमी देणाऱ्या संस्थेनेच ती मागे घेतली. युक्रेनमध्ये मोठ्या दूरचित्रवाहिन्यांनी युद्ध सुरू झाल्यापासून एकत्रित बातम्यांचा एकच कार्यक्रम चालवला, आणि त्यावर सर्वांत कडवट टीका युक्रेनियन पत्रकारांनीच केली. आता मॉस्कोकडे पाहा. ४ मार्च २०२२ रोजी तेथे असा कायदा आला की सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मॉस्कोच्या एका प्रभागातले नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव्ह यांनी सभेत एवढेच म्हटले होते की युक्रेनमध्ये मुले मरत असताना आपण मुलांच्या चित्रकला स्पर्धा कशा भरवायच्या. जुलै २०२२ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. एखाद्या बाजूचे किती खरे मानावे हे ठरवताना तिने किती चुका केल्या हे मोजण्यापेक्षा, चूक दाखवणाऱ्याचे तिथे पुढे काय होते हे मी पाहते. तुमच्या वडिलांसमोर ही कसोटी ठेवून पाहा, आणि ती आपल्या देशालाही लावायची तयारी ठेवा. मार्च २०२२ च्या पहिल्याच आठवड्यात आपल्याकडे असा संदेश घरोघर फिरला की भारतीय विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यासाठी रशियाने काही तास युद्ध थांबवले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी तसे काही ठरले नसल्याचे स्पष्ट केले होते. तो संदेश अजूनही फिरतो, आणि तुमच्या कुटुंबाच्या गटावरही तो येऊन गेला असेल असे मला वाटते.

निर्बंधांबद्दल तुम्ही लिहिले आहे की ते ‘निदान काहीतरी न्याय’ आहेत. बाबा त्यांना ढोंग म्हणतात. या एका बाबतीत मला तुमच्या वडिलांचा राग तुमच्या समाधानापेक्षा अधिक समजतो. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा परकीय साठा गोठवला गेला, अनेक रशियन बँका ‘स्विफ्ट’ या संदेश-व्यवस्थेतून काढल्या गेल्या, आणि रूबल कोसळल्याच्या घोषणा पाश्चात्त्य राजधान्यांतून झाल्या. मार्च २०२२ मध्ये तो डॉलरला १२० च्या पलीकडे घसरला खरा, पण जूनपर्यंत साठच्या आत परत आला. अर्थव्यवस्था काही महिन्यांत मोडेल असे सांगणारे चुकले. आणि निर्बंधांचा काहीच परिणाम झाला नाही, असे तुमच्या वडिलांच्या व्हिडिओत सांगतात तेही खरे नाही, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. निर्बंध एका घावात काही तोडत नाहीत. ते झिजवतात, आणि झिजवताना ज्यांचा युद्धाशी संबंध नाही अशांनाही घासून जातात. भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा हिस्सा युक्रेनमधून येत असे. युद्धामुळे तो अडला आणि २०२२ मध्ये तुमच्या आईने नाशिकच्या किराणा दुकानात त्याची किंमत मोजली. ती वाढ निर्बंधांमुळे झाली की बंदरे रोखणाऱ्या रशियामुळे, यावरही दोन्ही बाजूंनी प्रचार झाला.

आणि खनिज तेलाची हकिकत तर मुळातूनच ऐकण्यासारखी आहे. युद्धापूर्वी भारताच्या आयातीत रशियन तेल जेमतेम दोन टक्के होते, दोन वर्षांत ते एक तृतीयांशाच्या पुढे गेले. डिसेंबर २०२२ मध्ये श्रीमंत देशांच्या जी-सात गटाने, युरोपीय संघाने आणि ऑस्ट्रेलियाने रशियन तेलावर पिंपाला ६० डॉलरची मर्यादा घातली. तिचा हेतूच असा होता की तेल बाजारात येत राहावे, म्हणजे जगात दर भडकणार नाहीत, पण रशियाला कमी पैसे मिळावेत. त्यासाठी कोणीतरी ते विकत घेणे आवश्यक होते. भारतातील तत्कालीन अमेरिकी राजदूत एरिक गार्सेटी यांनी २०२४ मध्ये हे जाहीरपणे सांगितले की भारताने ते तेल घ्यावे अशीच अमेरिकेची इच्छा होती. त्या तेलापासून भारतात शुद्ध केलेले डिझेल युरोपात गेले आणि कदाचित तुमच्या म्युनिकच्या रस्त्यांवर जळलेही असेल. युरोपीय देश स्वतः रशियाचा द्रवरूप नैसर्गिक वायू घेत राहिले. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच तेलाबद्दल अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावले आणि एकूण बोजा ५० टक्क्यांवर गेला. अशा वेळी सुखोईवर हात चालवलेला निवृत्त माणूस ‘हा कुठला न्याय’ असे विचारतो, तेव्हा त्याला उत्तर म्हणून बुचा सांगू नये. त्याला म्हणावे, ‘बाबा, यात तुम्ही बरोबर आहात.’ हे वाक्य तुम्ही मनापासून म्हणू शकाल तर अवश्य म्हणा, आणि दुसऱ्या कुठल्याही वाक्याच्या आधी म्हणा.

जर्मनीत ‘पुतिन-फेअरश्टेअर’ असा एक शब्द तुम्ही ऐकला असेलच. त्याचा शब्दशः अर्थ ‘पुतिनला समजून घेणारा’ असा असला तरी तो शिवीसारखा वापरला जातो. ज्या समाजात समजून घेणे हीच शिवी होते, तिथे चर्चा अरुंद होते, मग बाजू कितीही न्याय्य असो. मॉस्कोच्या तुरुंगाशी याची बरोबरी नाही, हे मी आधीच लिहिले आहे. पण तुम्ही गटावर जो शब्द वापरला, तो याच जातीचा होता. समोरच्याचे म्हणणे तपासण्याऐवजी त्याच्या विचार करण्याच्या शक्तीवरच तो काट मारतो, आणि मग समोरच्याला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे उठून जाणे.

आता करायचे काय. नाशिकला जाण्याआधी बाबांना फोन करा, आईच्या फोनवरून नव्हे, त्यांच्या स्वतःच्या. माफी त्या शब्दाबद्दल मागा, मताबद्दल नाही, आणि दोन्ही एका श्वासात सांगा : ‘तो शब्द मी वापरायला नको होता, तोही सगळ्यांसमोर. माझे मत बदललेले नाही, पण तुमच्याशी बोलण्यात अर्थ आहे.’ त्यानंतर, त्यांना चालणार असेल तरच, गटावरही दोन ओळी लिहा. अपमान जिथे झाला तिथेच तो भरून निघतो, एकांतातल्या माफीने तो निम्माच निघतो.

पंचाहत्तरीच्या दिवशी युद्धाचा विषय काढू नका, कोणी काढला तर बाजूला घ्या. बोलणे व्हायचे असेल तर ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गोदाकाठी फिरताना किंवा दुपारच्या चहाला होईल. तेव्हा दुवे आणि लेख पुढे करू नका. ते ज्या विषयातले जाणकार आहेत, त्यातले प्रश्न विचारा. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २९८ माणसे गेली. काही दिवसांतच रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने त्याच्याजवळ युक्रेनचे सुखोई-२५ दिसल्याचे सांगून बोट तिकडे वळवले. पुढच्या वर्षी रशियाच्याच अल्माझ-आन्तेई या क्षेपणास्त्र कंपनीने सांगितले की ते जमिनीवरून सोडलेल्या बुक क्षेपणास्त्राने पडले. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. प्रवासी विमान ३३ हजार फुटांवर होते. सुखोई-२५ हे जमिनीलगत हल्ला करणारे विमान त्या उंचीवर काय करू शकेल, हा प्रश्न बाबांना विचारा आणि त्यांचे उत्तर मधे न तोडता ऐका. ते काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर विमानाचा एकेक खिळा तपासून सही केली, तो आकड्यांशी बेइमानी करणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आणखी एक विषय आहे, तो वादाचा नाही, म्हणून मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बाबांच्या ज्या रशियावर त्यांचे प्रेम आहे, तो सोव्हिएत संघ होता, आणि त्यात युक्रेनही होते. आपल्या हवाई दलाची एएन-३२ मालवाहू विमाने कीव्हमधल्या आन्तोनोव्हच्या आराखड्यांवर घडलेली आहेत. त्याच आन्तोनोव्हचे ‘म्रिया’, जगातले सर्वांत मोठे मालवाहू विमान, युद्धाच्या पहिल्याच दिवसांत कीव्हजवळच्या होस्तोमेलच्या तळावर नष्ट झाले. डिसेंबर २०२४ मध्ये रशियाच्या कालिनिनग्राद येथे भारतीय नौदलात दाखल झालेल्या ‘तुशिल’ या युद्धनौकेची इंजिने युक्रेनच्या मिकोलाइव्हची आहेत. ‘म्रिया’ जळाल्याचे कळले तेव्हा तुम्हाला काय वाटले, असे त्यांना विचारा. विमानांवर प्रेम करणाऱ्या माणसाजवळ या प्रश्नाचे उत्तर राजकारणाच्या आधीपासूनचे असते.

व्हिडिओंबाबत घरात एक साधा करार सुचवून पाहा, जो तुमच्यासारख्या इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल. युद्धाची कुठलीही खळबळजनक बातमी चोवीस तास पुढे पाठवायची नाही. पोलंडच्या त्या क्षेपणास्त्राचे वास्तव कळायला एवढाच वेळ लागला होता. पाठवताना ती मूळ कोणी दिली हे लिहायचे, आणि ते सापडत नसेल तर पाठवायची नाही. छायाचित्र असेल तर ते पूर्वी कुठे वापरले गेले आहे का, हे फोनवर शोधून पाहायला घरातली कुठलीही कॉलेजात जाणारी नात पाच मिनिटांत शिकवेल. हा करार तुम्हालाही बंधनकारक असेल, हे आधी स्वतःच सांगा.

गप्प बसणे म्हणजे द्रोह का, हा तुमचा सर्वांत अवघड प्रश्न. वाद न करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. एखाद्या नातेवाइकाने जेवणाच्या पंगतीत बुचा हे नाटक असल्याचे म्हटलेच, तर एक वाक्य बोला : ‘त्या देशातून आलेली माणसे माझ्या घरात राहिली आहेत, त्यामुळे मी हे मान्य करू शकत नाही.’ आणि तिथेच थांबा. साक्ष द्यायला एवढे पुरते. समोरच्याने शरणागती पत्करेपर्यंत बोलत राहणे हे त्या आई-मुलासाठी केलेले काम नसते, त्यात बराचसा आपला राग असतो. बाबांचे मत बदलले नाही तरी तुम्ही त्या दोघांना दिलेली जागा खोटी ठरत नाही. आणि ते बदलेलच, अशी आशा मी तुम्हाला देत नाही.

राहिला रुमाल. खारकीव्ह हे पूर्वापार बहुतांशी रशियन बोलणाऱ्यांचे शहर आहे. म्हणजे ज्या भाषकांच्या रक्षणाचे कारण रशियाने सांगितले, त्यांच्याच घरांवर तिथे तोफगोळे पडले. तुमच्याकडे राहिलेल्या त्या बाईंना बाबांची इर्कुत्स्कची मोडकीतोडकी रशियन समजेल. युद्धानंतर तिथल्या अनेकांनी ती भाषा बोलणे सोडले आहे, म्हणून त्यांना आधी विचारा की बाबांनी रशियनमध्ये आभार मानले तर चालतील का. बाबांनाही फोनवर आधीच सांगा की असा रुमाल आहे, तो कोणी भरला आहे, आणि नको असेल तर तो तुमच्याकडेच राहील. तो त्यांची परीक्षा घेण्यासाठी पाहुण्यांसमोर पुढे करू नका. भरतकामाच्या रुमालावर पाव आणि मीठ ठेवून पाहुण्याचे स्वागत करण्याची रीत युक्रेनमध्ये आहे आणि रशियातही आहे. इर्कुत्स्कला बाबांचे तसे स्वागत झाले होते का, हे त्यांना विचारा, आणि ते सांगू लागले तर तो रुमाल बॅगेत ठेवा.